रिबिटांची दोन भोकं

पोतं वर्तमानपत्रावर रिकामं केलं
लकडगंजात, आरा मशीनच्या मागच्या गल्लीत,
तेव्हा भोजराज निनावे चहा पीत होते.
पेला हातातच राहिला. नुसते वाकले,
परक्या गावच्या मयतीला गेलेला माणूस
चादर जराशी सारून पाहतो तसे.

"नाव कुठाय हिचं?"
नावाच्या जागी रिबिटांची दोन भोकं
आणि मधे एक चौकोन,
बाकीच्या अंगापेक्षा उजळ.

मग पाना लावला. दहा नंबर ढिला,
नऊ बसेचना.
पेटीच्या तळातून एक गंजका काढला, इंचाचा,
तो बसला तसा आवाजही झाला नाही.
"मिलीमीटरवाली नाही हे. अर्धी दुनिया बाद झाली, ताई."

फ्लायव्हील उपसलं. खाली प्लॅटिनम पॉइंट,
करंगळीच्या नखाएवढे, काळे पडलेले.
"तुमच्यापेक्षा मोठी असन वयानं."
साखळी ताणून तीन रिबिटांमधलं अंतर मोजलं,
दोननं भागलं,
आकडा खडूनं शटरवर लिहिला.

तेल सोडायचं बटण अंगठ्यानं दाबायचं,
ते एकाच बाजूनं झिजलेलं.
निनावेंनी आपला अंगठा ठेवून पाहिला, काढला.
"तुमी ठेवून पाहा."
मी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्यावर रंग निघाला,
पिकायला लागलेल्या पपईचा, अधला मधला.
"आता दोन मॉडेल राह्यले. अंग एकच,
जुळ्या बहिणी. एकीचा पिस्टन मोठा.
पण हा तं जाम आहे. डिझेलात बुडवून ठेवतो,
शनवारी या."

बाबा आलापल्लीला सागावर होते, मी सांगितलं.
सगळ्यांना हेच सांगत आलोय आम्ही.
साग हा शब्द आमच्या घरात तसा उच्चारला जायचा
जसा शेजारी 'कायमची नोकरी' म्हणायचे.
हे मात्र सांगितलं नाही
की बाबा हिला खोकली म्हणायचे.
खोकली आज रुसली.
खोकलीनं आज दुपारपर्यंत पाच झोपवली.

शनिवारी पिस्टन बाहेर होता, माप झालेलं,
आणि शटरवर नाव:
चार अक्षरं, एक आकडा.
तिसरं अक्षर दोनदा गिरवलेलं.
मी वाचलं. बारशाचं नाव असतं ना एखाद्याचं,
ज्यानं कधी कुणी हाकच मारली नाही,
तसं वाटलं. म्हणजे फारसं काही नाही.

"अजून एक." त्यांनी काडेपेटी उघडली.
स्टार्टरच्या झाकणामागं सापडलेला
चिमूटभर कोरडा भुसा.
"सागाचा मी झोपेतही सांगन.
चामड्यावानी वास येते त्याला. हा तो नोहे."
जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं,
आणि काडेपेटी माझ्याकडे सरकवली.

मीही ठेवला.
इतक्या वर्षांनी, कडू.

तो उन्हाळा.
रोज अंधार पडल्यावर यायचे,
आंघोळ केल्याशिवाय आईला जवळ येऊ द्यायचे नाहीत.
आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा
आमचा रिक्षावाला जिथं सावलीत थांबायचा
तिथं सावली नव्हती. नुसता रस्ता होता,
दुप्पट रुंद, आणि बुंध्यांचे थाळे
ओळीनं, पार चौकापर्यंत.
मी घरी येऊन रडले होते.
बाबांनी मला जवळ घेऊन विचारलं होतं,
कोणतं झाड होतं गं तुझं?

"आणि रिबिटं गळली नाहीत," निनावे म्हणाले,
"छिन्नीनं काढलीत कोणीतरी. सावकाश,
बॉडीवर एक ओरखडा नाही."

पैसे डिझेलचेच घेतले.
"जोडून देऊ का? सुरू होते ही.
सुरवातीला खोकन जराशी."

मी काडेपेटी बंद केली.
त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले,
हा शब्द यांना कुणी सांगितला.